शाळा बिहारची, टिंब नेपाळात

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या संस्थेला भारत-नेपाळ सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शाळा एकाच नकाशावर आणायच्यात, बिहारकडची यादी मिळाली, नेपाळकडची पण मिळाली, दोन्ही क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या तर काही शाळा भाताच्या शेतात, काही नदीत, काही चक्क पलीकडच्या देशात आणि दहा-बारा एकावर एक. मग आता ही टिंबं हाताने सरकवून नीट करायची, की सगळा डेटा बाजूला टाकून नव्याने फिल्डवर जायचं?

दोन्ही नको, निदान आत्ता तरी नको. हाताने सरकवलं तर चूक जाते पण चूक कशाने झाली होती तेही जातं, आणि नव्याने गोळा करायला गेलात तर त्याच चुका पुन्हा नव्या खर्चाने कराल. मी स्वतः दोन्ही करून बसलेय म्हणून सांगते. पहिल्या वर्षी आम्ही तिघांनी मिळून सॅटेलाईट इमेज बघत बघत महिनाभर टिंबं सरकवली, मूळ आकड्यांचा कॉलम ठेवला नाही, आणि नंतर कळलं की निम्म्या टिंबांना एकच रोग होता जो एका फॉर्म्युल्यात बरा झाला असता.

आधी ती सीमा कशी आहे ते डोळ्यासमोर आणा, कारण पुण्या-मुंबईत बसून बॉर्डर म्हटलं की आपल्याला काटेरी तारच दिसते. इथे १७५१ किलोमीटरची उघडी सीमा आहे, १९५० च्या तहापासून दोन्हीकडच्या लोकांना पासपोर्ट-व्हिसा काही लागत नाही. रक्सौल-वीरगंजला नाका आहे, गेट आहे, ट्रकांची रांग आहे, पण तिथून चार किलोमीटर बाजूला गेलात की फक्त दशगजा उरतो, म्हणजे दहा गजांची मोकळी पट्टी, मध्येमध्ये पांढरे खांब, त्यावर कुणीतरी गोवऱ्या थापलेल्या, शेळ्या चरतायत आणि पोरं क्रिकेट खेळतायत ज्यात बॅट्समन एका देशात आणि डीप मिडविकेट दुसऱ्या देशात. एसएसबीचा, म्हणजे सीमेवरच्या पहारा दलाचा, जवान सायकलवरून जाताना बघून घेतो, बास. त्यामुळे पुण्यात २०० मीटरची चूक म्हणजे शाळा शेजारच्या गल्लीत, इथे तीच चूक म्हणजे शाळा शेजारच्या देशात. हा त्रास वाटतो पण खरं तर फायदा आहे, कारण कुठल्या टिंबाने देश बदलला हे तपासायला एक क्लिक पुरतो आणि आपली कामाची सुरुवात तिथूनच होते.

माझा अनुभव असा की चुकीला दिशा असते. एकेक टिंब बघत बसू नका, सगळी चुकलेली टिंबं एकत्र बघा आणि ती कुठल्या बाजूला किती गेलीत ते बघा. सगळ्यात सोपी चूक म्हणजे अक्षांश-रेखांश उलटे टाकलेले, शाळा बिहारमधल्या सीतामढीची आणि टिंब ८५ अंश उत्तरेला बर्फात, ती लगेच सापडते म्हणून तिच्यावर वेळ घालवत नाही. शून्य-शून्यवाली टिंबं आफ्रिकेजवळच्या समुद्रात जातात, तीही तशीच.

खरी गंमत अंश-मिनिट-सेकंदवाल्या चुकीत आहे. कुणीतरी २६ अंश ४५ मिनिटं ३० सेकंद हे २६.४५३० असं टाईप केलं, जे खरं तर २६.७५८ पाहिजे. फरक ०.३ अंशाचा, म्हणजे शाळा ३४ किलोमीटर दक्षिणेला. आता लक्षात घ्या, या चुकीत आकडा नेहमी कमीच होतो, कधी वाढत नाही, म्हणजे टिंब नेहमी दक्षिणेला आणि पश्चिमेलाच जातं. म्हणून नेपाळमधल्या शाळा बिहारमध्ये येतात पण बिहारच्या शाळा या रोगाने नेपाळात कधीच जात नाहीत. आणखी एक खूण, त्या कॉलममध्ये दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन आकडे कधीही ५९ च्या वर दिसणार नाहीत, कारण ते मिनिटं आहेत. तुमच्या फाईलमध्ये एकेका तालुक्याचा कॉलम सॉर्ट करून बघा, एखाद्या ठिकाणी ६० ते ९९ गायबच असतील तर तिथल्या ऑपरेटरने सगळी यादी अशीच भरलीय हे समजा, आणि मग ती सगळी एका झटक्यात उलटी फिरवता येते. फक्त जिल्हाच मुळात २६.१ ते २६.५ मध्ये बसत असेल तर ही खूण चालत नाही, तेवढं भान ठेवा.

नेपाळकडच्या डेटात अजून एक भानगड आहे जी भारतातल्या लोकांना सहसा माहीत नसते. नेपाळच्या सर्व्हे खात्याचे चांगले टोपो नकाशे, जे ९० च्या दशकात फिनलंडच्या मदतीने झाले, ते एव्हरेस्ट १८३० या जुन्या एलिप्सॉईडवर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मोजमापावर आहेत. त्यावरून उचललेले कोऑर्डिनेट तसेच्या तसे डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे आजच्या जीपीएसचं मोजमाप, समजून टाकले तर सगळी टिंबं एकाच दिशेला, सारख्याच अंतराने, दोनशेच्या वर मीटर सरकलेली दिसतात. आपले सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने टोपोशीट पण एव्हरेस्टवरच होते, त्यामुळे बिहारच्या जुन्या याद्यांतही हा प्रकार सापडतो. वरून नेपाळचं प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत, आहे मॉडिफाईड यूटीएम, तीन-तीन अंशांचे पट्टे, मध्य रेखांश ८१, ८४ आणि ८७, आणि स्केल फॅक्टर, म्हणजे अंतराला गुणायचा आकडा, ०.९९९९. आपण सवयीने यूटीएम ४५ निवडतो ज्याचा मध्य रेखांशही ८७ च आहे, पण फॅक्टर ०.९९९६. जनकपूर, जलेश्वर हा भाग ८७ च्या पट्ट्यात येतो, तर तिथला डेटा असा चुकून उघडला की नकाशा दिसायला एकदम बरोबर दिसतो, आकार बरोबर, रस्त्याला शाळा, शाळेला रस्ता, पण सगळं जवळजवळ ९०० मीटर उत्तरेला. हिशोब सोपाय, विषुववृत्तापासूनचं अंतर साधारण २९५० किलोमीटर, त्याला दोन फॅक्टरांतल्या ०.०००३ च्या फरकाने गुणा.

आणि इथेच आपली देशवाली चाचणी झोपते. नेपाळच्या शाळा उत्तरेला सरकल्या म्हणजे नेपाळात आणखी आत गेल्या, देश बरोबरच आला, सॉफ्टवेअरने हिरवी खूण दिली. मी एकदा अख्खा सर्लाहीचा डेटा असा पास करून बसले होते. सर्लाही तर अजून वाईट, ८५.५ रेखांश त्याच्या पोटातून जातो म्हणजे अर्धा जिल्हा ८४ च्या पट्ट्यात आणि अर्धा ८७ च्या. तेव्हा देश बरोबर आला म्हणून टिंब बरोबर असं समजू नका, प्रत्येक जिल्ह्यातल्या निदान आठ-दहा शाळा इमेजवर किंवा गुगलच्या ओपन बिल्डिंग्जमधल्या इमारतींच्या ठशांवर टाकून बघा. शितावरून भाताची परीक्षा इथे चालते, फक्त शीत प्रत्येक तपेल्यातून वेगळं काढायला पाहिजे, कारण प्रत्येक तालुक्यात भरणारा माणूस वेगळा.

एकावर एक पडलेल्या टिंबांचं म्हणाल तर बहुतेक वेळा ते ब्लॉकचं, म्हणजे तिकडच्या तालुक्याचं, ऑफिस असतं. सगळ्या मुख्याध्यापकांना एका दिवशी बोलावलं, चहा-समोसा झाला, ॲप उघडलं, लोकेशन घ्या म्हटलं, सगळ्यांनी तिथल्या तिथेच घेतलं. मी अशी १४ शाळांची एक चळत बघितलीय, झूम केल्यावर खाली एक ऑफिस, एक पाण्याची टाकी आणि पार्क केलेल्या मोटरसायकली. अशा टिंबांना लोकेशन नाही असंच समजा, अंदाजे गावात ढकलू नका.

पण, आणि हा पण मोठा आहे, सगळ्याच चळती खोट्या नसतात. बिहारमध्ये भवनहीन शाळा हा प्रकार आहे, स्वतःची इमारत नाही म्हणून दुसऱ्या शाळेत टॅग केलेली. मी एका ठिकाणी गेले तर एकाच व्हरांड्यात तीन शाळा चालू होत्या, तीन फळे, तीन हजेरीपट, तीन मुख्याध्यापक आपापली खुर्ची घेऊन आणि मुलं पाठीला पाठ लावून बसलेली, एकीकडे पाढे आणि दुसरीकडे वर्णमाला. नकाशावर ते एकच टिंब पण यूडायस कोड, म्हणजे सरकारने प्रत्येक शाळेला दिलेला क्रमांक, तीन, आणि ते बरोबर आहे. त्यातल्या एका मास्तरांना विचारलं तुमची मूळ शाळा कुठे होती तर त्यांनी हाताने नदीच्या दिशेला दाखवलं. तशा शाळेला आम्ही आता दोन जागा देतो, एक आत्ता जिथे भरते ती आणि एक तिची मुलं जिथून येतात तो टोला, म्हणजे वस्ती, कारण नकाशा जर मुलांसाठी करायचा असेल तर दुसरी जागा जास्त कामाची.

आता याद्या जुळवणं. नावावरून जुळवायला जाऊ नका, आगीतून फुफाट्यात पडाल. बिहारच्या बाजूला उत्क्रमित मध्य विद्यालय, नवसृजित प्राथमिक विद्यालय, ते पण कधी पूर्ण, कधी उ.म.वि., कधी इंग्रजी स्पेलिंगमध्ये. नेपाळकडे श्री नेपाल राष्ट्रिय माध्यमिक विद्यालय या नावाच्या इतक्या शाळा आहेत की नाव असून नसल्यासारखंच. आपल्याकडे यूडायसचा ११ आकडी कोड आहे, पहिले दोन राज्याचे (बिहार १०, आपला महाराष्ट्र २७), मग दोन जिल्ह्याचे, दोन ब्लॉकचे, तीन गावाचे, शेवटचे दोन शाळेचे, म्हणजे कोडच सांगतो शाळा कुठे असायला पाहिजे. बिहारच्या बऱ्याच शाळांच्या भिंतीवर तो रंगवलेलाही असतो, फोटो काढताना तोच काढा. नेपाळकडे त्यांच्या आयएमिस प्रणालीचा स्वतःचा कोड आहे. दोन्ही तसेच ठेवा, आपला तिसरा कोड बनवा आणि पुढे देशाचं अक्षर लावा, दोन्हीकडचे कोड मिसळून एक करायच्या फंदात पडू नका.

नेपाळच्या जुन्या यादीतला पत्ता गाविसचा असेल म्हणजे गाव विकास समितीचा, पण त्या २०१७ मध्ये गेल्या आणि त्यांच्या जागी ७५३ पालिका आल्या, वॉर्डांचे नंबर बदलले. मला एकदा एकाच शाळेचे तीन पत्ते मिळाले आणि तिन्ही खरे होते, आपापल्या काळात.

नाव कचरा दिसत असेल, म्हणजे इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्लॅशची खिचडी, तर घाबरू नका, फाईल करप्ट नाहीये. नेपाळकडे प्रीती फॉन्ट आणि बिहारकडे कृतीदेव, दोन्ही युनिकोडच्या आधीचे. कन्व्हर्टर मिळतात, पण प्रीतीचा मजकूर कृतीदेवच्या कन्व्हर्टरमध्ये टाकलात तर जे बाहेर येतं ते देवनागरी दिसतं पण चुकीचं असतं, ते जास्त धोकादायक. आपल्याकडे ज्यांनी डीटीपीच्या जुन्या फायली हाताळल्यात त्यांना हे दुखणं नवीन नाही. आणि स्थापनेचं साल बघून फसू नका, मी नेपाळच्या एका शाळेचं २०१७ बघून नवीन शाळा म्हणून टॅग केलं होतं, प्रत्यक्षात इमारतीला पिंपळ फुटलेला. ते विक्रम संवत २०१७, म्हणजे आपलं १९६०-६१.

फिल्डवरची एक चूक सांगते जी आमच्या टीमने पूर्ण दोन दिवस केली. आम्ही जीपीएस ट्रॅक आणि फोटो वेळेवरून जुळवत होतो, दोन मोटरसायकली, एकीवर मी आणि सीतामढीचा मुलगा, दुसरीवर नेपाळमधल्या मलंगवाची मुलगी आणि तिचा भाऊ. रात्री सोनबरसाला लॉजवर बसून जुळवायला लागलो तर तिचे सगळे फोटो शाळेच्या पुढच्या रस्त्यावर, कुठे पुलावर, कुठे वीटभट्टीवर. मी आधी तिच्यावरच चिडले की फोटो पोचल्यावर का नाही काढत. तिने शांतपणे आपला फोन माझ्या फोनशेजारी ठेवला. तिचं घड्याळ १५ मिनिटं पुढे, कारण नेपाळची वेळ ५:४५ आणि आपली ५:३०. मोटरसायकलवर १५ मिनिटं म्हणजे पाच-सहा किलोमीटर सहज. त्यानंतर रोमिंग चालू असलेल्या माझ्या फोनवर पण बॉर्डरजवळ हेच होताना बघितलं, टॉवर पलीकडचा पकडला की घड्याळ उडी मारतं. तेव्हापासून सगळ्यांचे फोन निघायच्या आधी हाताने एका वेळेवर लावायचे, ऑटो टाईम बंद, आणि पहिला फोटो एकमेकांच्या घड्याळाचा. लोकेशन घेताना पण लगेच बटण दाबू नका, फोन आधी टॉवरवरून अंदाज देतो, उघड्या आकाशाखाली मिनिटभर थांबा आणि ॲक्युरसीचा आकडा दहा मीटरच्या आत आल्यावरच घ्या. कुठे उभं राहून घ्यायचं तेही ठरवून टाका, आम्ही गेटवर घेतो, कारण पुढे रस्ता जोडायचा असतो.

अंतराचं विश्लेषण करणार असालच. आपल्या शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्राच्या नमुना नियमांत पहिली ते पाचवी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवी ३ किलोमीटर असं आहे, त्यामुळे सगळे जण शाळेभोवती गोल काढतात आणि सीमेवर कापतात. तो कापलेला गोल खोटा आहे. सीमेवरच्या एखाद्या टोल्यातल्या बाईला विचारलंत तर तिचा एक मुलगा अलीकडच्या सरकारी शाळेत आणि दुसरा पलीकडे वीरगंजच्या इंग्लिश बोर्डिंगमध्ये जाणाऱ्या व्हॅनमध्ये असू शकतो, आत्या तिकडे दिलेली, मामा इकडचा, भाषा दोन्हीकडे भोजपुरी नाहीतर मैथिली. आपल्याकडे जत-अक्कलकोटला कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा आहेत त्या बघितल्या असतील तर हे समजायला जड जाणार नाही, फरक इतकाच की इथे बोर्ड, शैक्षणिक वर्ष आणि दाखला सगळंच वेगळं. म्हणून दोन वेळा हिशोब करा, एकदा सीमा भिंत धरून आणि एकदा सीमा नाहीच असं धरून. दोन उत्तरांतला फरक हाच तुमच्या संस्थेला हवा असलेला आकडा आहे. आणि २०२० च्या मार्चमध्ये कोरोनात सीमा बंद झाली तेव्हा पहिला हिशोब एका रात्रीत खरा झाला होता हेही त्यांना सांगा.

गोलाऐवजी रस्ता धरा आणि रस्ता दोन ऋतूंचा धरा. लालबकेया, बागमती, कमला या नद्या उन्हाळ्यात पायी ओलांडता येतात आणि श्रावणात होडी लागते, म्हणजे १ किलोमीटरची शाळा ७ किलोमीटरची होते. कोसीच्या तटबंधांच्या आतल्या गावांत तर शाळाच सरकते, कटान लागलं, म्हणजे नदी काठ कापायला लागली, की गाव उठतं आणि शाळा गावाबरोबर जाते. २००८ च्या ऑगस्टमध्ये नेपाळमध्ये कुसहाला बांध फुटला आणि पाणी बिहारमध्ये सुपौल, मधेपुऱ्यापर्यंत भरलं. त्याआधीच्या सर्व्हेचे त्या भागातले टिंब असतील तर तारीख बघितल्याशिवाय वापरू नका. म्हणून प्रत्येक टिंबाबरोबर मूळ आकडे, कुठून मिळाले, कसे घेतले, कधी घेतले आणि आपली खात्री किती एवढे कॉलम ठेवाच, दुरुस्त आकडे वेगळ्या कॉलमात.

शेवटचं, सीमेची रेघ. दोन देशांच्या जिल्ह्यांच्या फायली एकमेकींना लावल्या की मध्ये फटी पडतात नाहीतर एकमेकींवर चढतात, म्हणून तपासणीपुरती सीमेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा किलोमीटरची संशयाची पट्टी धरा, तिच्यातल्या शाळांचा देश कोडवरून ठरवा, रेघेवरून नाही. छापताना मात्र विषय कायद्याचा आहे. भारतात प्रकाशित होणारा भारताचा नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाशी जुळला पाहिजे, नाहीतर १९६१ च्या फौजदारी दुरुस्ती कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. नेपाळने २०२० च्या मे महिन्यात कालापानी-लिपुलेख-लिंपियाधुरा आपल्यात दाखवणारा नकाशा काढला, त्यामुळे तिकडच्या भागीदाराला त्यांची रेघ हवी असते. इकडे गंडकी नदीवर सुस्ता भागाच्या हद्दीचा वाद आहेच. आम्ही तोडगा असा काढला की नकाशा फक्त कामाच्या चार-पाच जिल्ह्यांपुरता कापायचा, ऑनलाईन तयार बेसमॅप वापरायचा नाही, मागे नद्या, रस्ते आणि गावांची नावं आपली, आणि रेघ छापायचीच नाही, देश टिंबाच्या रंगावरून कळतो. कुठल्या शाळेत पलीकडची किती मुलं येतात हा आकडा पण जाहीर नकाशावर टाकू नका, तालुक्यापुरता एकत्र करून द्या. उघड्या सीमेवर मुलं पळवणारे पण नकाशा वाचतात, आणि दुसरीकडे एखादा साहेब तोच आकडा घेऊन त्या मुलांना शाळेतून काढायला निघतो.

फिल्डवर जाल तेव्हा कार्तिकातली छठ झाल्यावर जा, पाणी ओसरलेलं असतं आणि दाट धुकं अजून पडलेलं नसतं. नेपाळच्या शाळांना शनिवारी सुट्टी आणि बिहारच्या शाळांना रविवारी, त्यामुळे शुक्रवारी रात्री मुक्काम अलीकडे करा आणि शनिवारी रात्री पलीकडे, एकही दिवस फुकट जात नाही.